गावातील वेल्डिंग व्यवसाय आणि सुरक्षितता

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तालुक्याच्या गावातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर आज दोन दुकाने हटकून आढळतात. एक चहाचे आणि दुसरे वेल्डिंगचे. पत्र्याची शेड, दारात उसाच्या ट्रॉलीचा उलटा करून ठेवलेला सांगाडा, भिंतीला टेकवलेल्या खिडकीच्या जाळ्या आणि कोपऱ्यात घरघरणारे वेल्डिंगचे यंत्र. पूर्वी लोहाराच्या भात्याभोवती गावाचे जे काम चाले, त्याचा मोठा वाटा या शेडकडे आलेला आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला म्हणजे या दुकानांत रात्रंदिवस काम चालते, आणि खंडेनवमीला याच यंत्राला झेंडूची माळ घालून त्याची पूजा होते. ग्रामीण भागातील हजारो तरुणांना या धंद्याने पोटापाण्याला लावले आहे, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे उचित होईल. पुढील विवेचन या धंद्याविषयी भीती निर्माण करण्यासाठी नाही.

मोठ्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करणाऱ्या कामगारामागे एक यंत्रणा उभी असते. तेथे सुरक्षा अधिकारी असतो, कामाचा लेखी परवाना असतो, तपासणी असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाविषयी कलम ३५ होते. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर पुरेशी काळजी घेतल्याशिवाय वेल्डिंग करू नये, असे कलम ३७ बजावीत असे. त्या अधिनियमाची जागा आता व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती याविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. परंतु जुना कायदा काय किंवा नवा काय, त्यांचा रोख सर्वसाधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या ठिकाणांवर आहे. रस्त्याकडेच्या शेडमध्ये मालक, एक कारागीर आणि एक हेल्पर एवढीच माणसे असतात. तेथे निरीक्षक सहसा पोहोचत नाही. पोहोचते ते गिऱ्हाईक. आणि गावातील मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये ग्रामपंचायत व शाळा यांची गणना करावी लागते. शाळेचे फाटक, स्मशानभूमीची शेड, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, अंगणवाडीच्या खिडक्या, ही सारी कामे याच दुकानात जातात. म्हणूनच हा विषय पंचायत सदस्यांसमोर आणि शिक्षकांसमोर मांडण्याचे प्रयोजन आहे.

या जोडकामाचे तत्त्व ध्यानात घेतले म्हणजे धोके नेमके कोठे आहेत हे समजणे सोपे जाते. यंत्रातून दोन जाड केबल निघतात. एक होल्डरला जाते, त्यात रॉड पकडलेला असतो. दुसरी जोडावयाच्या लोखंडाला लावलेली असते. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतून वीज उडी घेते आणि तेथे प्रखर ज्योत पेटते. या ज्योतीचे तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. पोलाद सुमारे १,५०० अंशांना वितळते. रशियन संशोधक निकोलाय बेनार्डोस यांनी १८८१ मध्ये विजेच्या ज्योतीने धातू जोडून दाखवला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी रॉडला रासायनिक लेप देण्याची युक्ती काढली. आज दुकानात मिळणारा रॉड हा त्याच लेपाच्या रॉडचा वंशज होय.

प्रथम विजेच्या धक्क्याचा विचार करू. कारागिरांमध्ये एक समज रूढ आहे की वेल्डिंगच्या यंत्रातील वीज ‘सौम्य’ असते, तिने माणूस मरत नाही. ज्योत पेटलेली असताना रॉडवरील दाब केवळ २० ते ३० व्होल्ट असतो हे खरे आहे. परंतु ज्योत विझली, की तोच दाब ७० ते ८० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे काम चालू असताना नव्हे, तर काम थांबलेले असताना, कारागीर संपलेला रॉड काढून नवा लावीत असताना धक्क्याची शक्यता अधिक असते. नेमक्या याच वेळी हातमोजा काढण्याची सवय अनेकांना असते. हात घामाने ओला, अंगावरचा सदरा भिजलेला, पायात स्लिपर आणि खाली ओली जमीन असेल, तर ८० व्होल्ट जीव घेण्यास पुरेसे ठरतात. होल्डर काखेत धरून दोन्ही हातांनी लोखंड सरळ करणे, किंवा तापलेला होल्डर बादलीतील पाण्यात बुडवून थंड करणे, हे प्रकार अनेक दुकानांत दिसतात. ते तत्काळ बंद व्हावयास हवेत.

यातील सर्वांत घातक काम कोणते, असे विचारल्यास पाण्याच्या टँकरच्या आत उतरून केलेल्या वेल्डिंगचे नाव घ्यावे लागेल. टंचाईच्या दिवसांत टँकर गळू लागतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात माणूस आत उतरवला जातो. चारी बाजूंनी लोखंड, अंगातून घामाच्या धारा, बसायला कोरडी जागा नाही आणि धूर बाहेर जायला वाट नाही. असे काम शक्यतो बाहेरूनच करावे. ते आतूनच करणे अपरिहार्य असेल तर खाली कोरड्या फळ्या घालाव्यात, पंख्याने हवा खेळती ठेवावी, आणि यंत्राच्या बटणाशी एक माणूस सतत उभा असावा. त्याला दुसरे काम सांगू नये. ज्योत विझताच दाब आपोआप उतरविणारी सोय आता अनेक यंत्रांत मिळते. टँकरच्या कामासाठी तसे यंत्र वापरणारे दुकान निवडणे पंचायतीच्या हिताचे आहे.

यंत्राकडे येणाऱ्या विजेचा धोका त्याहून मोठा. तो दाब २३० किंवा ४१५ व्होल्ट असतो. पुष्कळ ठिकाणी प्लग न लावता वायरची उघडी टोके खोबणीत काडीने खोचलेली असतात, आणि केबलवरून ट्रॉलीची चाके जाऊन तिचे आवरण फाटलेले असते. यंत्राच्या आतील आवरण निकामी झाले तर त्याचा संपूर्ण पत्रा विजेने भारला जातो. अशा वेळी जीव वाचविते ते अर्थिंग.

आणि येथेच शब्दाचा एक घोटाळा आहे. लोखंडाला चिमट्याने लावतात त्या दुसऱ्या केबललाही दुकानात ‘अर्थिंग’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘अर्थिंग लावले आहे’ असे कारागीर म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो या केबलविषयी बोलत असतो. वस्तुतः ती परतीची केबल होय. रॉडमधून गेलेला प्रवाह यंत्राकडे परत आणणे एवढेच तिचे काम. यंत्राच्या पत्र्याला जोडलेली आणि जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाणारी वायर ही निराळी गोष्ट आहे, आणि कित्येक दुकानांत ती नसतेच. ही परतीची केबलदेखील कामाच्या जागेजवळ घट्ट बसवलेली हवी. ती दूर कोठेतरी सळईला अडकवून ठेवली, तर शंभर-सव्वाशे अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. ती वाट कधी इमारतीच्या सळ्या असतात, कधी बोअरच्या पाइपलाइनचे लोखंड, तर कधी शेजारच्या ड्रिल यंत्राची अर्थिंगची वायर. ती बारीक वायर जळून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या ड्रिल यंत्राला हात लावणारा माणूस संरक्षणाविना उभा असतो.

गळतीची वीज ओळखून प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्विच आता बाजारात सहज मिळते व ते प्रत्येक दुकानात असावे. मात्र ते यंत्राकडे येणाऱ्या विजेपासूनच रक्षण करते. होल्डरच्या बाजूचा प्रवाह यंत्रातील वेगळ्या वेटोळ्यातून येत असल्याने तेथील धक्का या स्विचला कळत नाही. तेथे कोरडा चामड्याचा हातमोजा, रबरी तळाचा बूट आणि न फाटलेला होल्डर यांवाचून दुसरा आधार नाही.

आता डोळ्यांविषयी. हा भाग शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा, कारण यात इजा होणाऱ्यांमध्ये कारागिराइतकेच बघे असतात.

ज्योतीतून जो प्रकाश बाहेर पडतो त्यात अतिनील किरणांचा मोठा अंश असतो. ते किरण दिसत नाहीत आणि लागतात तेव्हा दुखतही नाहीत. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर मात्र त्यांनी भाजून निघतो. सहा ते बारा तास उलटल्यावर, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. सकाळी पाहिलेली ज्योत आणि रात्रीची ही वेदना यांचा संबंध घरच्यांना उमगत नाही. मुलाचे डोळे आले असावेत असे त्यांना वाटते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत हा त्रास ओसरतो. गार पाण्याच्या घड्या, अंधार आणि डॉक्टरांचा सल्ला हे योग्य उपचार होत. बटाट्याच्या चकत्या, दूध यांसारखे उपाय डोळ्यांवर करू नयेत. भूल देणारे थेंब दुकानातून परस्पर आणून घालणे तर फार धोक्याचे आहे. त्यांनी दुखणे थांबते, परंतु जखम भरून येण्यास अडथळा होतो.

कारागिराजवळ काळ्या काचेची ढाल असते, मग त्याचे डोळे का दुखावतात? कारण लांब जोड देताना तो ढाल धरतो, पण तुकडे जागेवर बसविण्यासाठी टॅक मारताना ढाल बाजूला ठेवतो. ‘क्षणभराचे तर काम’ असे म्हणून तो मान वळवितो आणि डोळे मिटतो. एका जाळीला असे कितीतरी टॅक लागतात. दिवसाअखेर त्या क्षणांची बेरीज होते. हेल्परची स्थिती याहून वाईट. तुकडा दोन्ही हातांनी धरून ठेवणे हे त्याचे काम, आणि त्याच्याजवळ काच नसतेच. उन्हाचा गॉगल या कामी निरुपयोगी आहे. नेहमीच्या रॉडसाठी १० किंवा ११ क्रमांकाची काच लागते, आणि तिच्यापुढे उडत्या ठिणग्या झेलणारी एक साधी काच हवी. ज्योत पेटताच आपोआप काळे होणारे शिरस्त्राणही आता मिळते. त्यामुळे हात मोकळे राहतात आणि टॅक मारतानाची सबब उरत नाही. (जाता जाता एक सूचना : सूर्यग्रहणाच्या दिवशी मुले याच दुकानातून काच मागून आणतात. १० किंवा ११ क्रमांकाची काच सूर्याकडे पाहण्याइतकी काळी नसते.)

शाळेच्या खिडक्यांना जाळ्या बसविण्याचे काम शाळा भरलेली असताना चालले आहे आणि मधल्या सुट्टीत मुले त्याभोवती कोंडाळे करून उभी आहेत, हे दृश्य अनेक गावांत दिसते. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून तो प्रकाश परावर्तित होतो, त्यामुळे पाठमोऱ्या माणसालाही तो लागू शकतो. हे काम सुट्टीच्या दिवशी करवून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

धुराविषयी थोडक्यात सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनाही तिने त्याच गटात ठेवले. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर वेल्डिंग केल्यास पांढरा धूर निघतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तो हिवताप समजून उपचार होण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टरांना आपला धंदा सांगावा. गूळ किंवा दूध घेतल्याने धूर छातीतून निघून जातो हा समज निराधार आहे. शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवणे आणि धुराच्या लोटात डोके न घालणे यांचा उपयोग त्याहून पुष्कळ अधिक.

पिंपाची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण येथे चुकीला दुसरी संधी नसते. रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा अधिक धोकादायक असते, हे ऐकणाऱ्याला प्रथम पटत नाही. द्रव पेट्रोल जळते. परंतु पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की तिचा स्फोट होतो. हवेत ही वाफ सुमारे दीड टक्का असली तरी पुरते. दोनशे लिटरच्या पिंपात एवढी वाफ होण्यास दोन-तीन चहाचे चमचे पेट्रोल पुरेसे आहे. तळाच्या शिवणीत तेवढे सहज राहते, आणि नुसत्या पाण्याने खळबळून ते जात नाही. ‘हे तर डिझेलचे आहे’ असे म्हणून निर्धास्त होणेही चूक. डिझेल एरवी फारशी वाफ देत नाही, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीतील थर तापून वाफ होते आणि ज्योत तर तेथेच पेटलेली असते. रंग, थिनर, खाद्यतेल, डांबर यांच्या पिंपांनाही हाच नियम लागू आहे. अशी पिंपे कापून पाण्याची टाकी किंवा कचराकुंडी करण्याचे काम गावच्या दुकानात देऊ नये. इंधनाच्या टाकीची दुरुस्ती, ती वाफेने धुऊन तपासण्याची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

ट्रॉलीच्या चाकाचेही असेच आहे. टायर न उतरविता रिमला वेल्डिंग केले तर आतील रबर तापून ज्वालाग्राही वायू निर्माण होतो आणि बंद टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडून दिली म्हणजे भागले, असे नाही; टायर रिमवरून पूर्णपणे उतरविलाच पाहिजे. हंगामाच्या घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात आणि फटीतून पलीकडच्या खोलीतही जातात. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्यावर वेल्डिंगचे काम चालू होते. ठिणग्यांनी खालच्या छतातील थर्मोकोलसारखे आवरण पेटले आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडे त्या आवरणाची जागा कडब्याची गंजी, कापसाचा ढीग किंवा शाळेच्या खोलीतील रद्दी घेते. कापूस तर आतल्या आत धुमसत राहतो. म्हणून काम संपल्यावर तासभर तरी त्या जागेवर माणूस ठेवावा आणि पाण्याच्या व वाळूच्या बादल्या हाताशी असाव्यात.

अपघात घडलाच, तर धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास त्वरित प्रारंभ करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नये.

भारतीय मानक संस्थेने वेल्डिंगच्या सुरक्षिततेविषयीची संहिता १९६८ मध्येच प्रसिद्ध केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण तरुणाला त्यात प्रवेश मिळू शकतो. ज्ञानाची वाण आहे असे म्हणता येणार नाही. परंतु अनेक कारागिरांनी हे काम दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून उचललेले असते, आणि उस्तादाच्या हातकौशल्याबरोबर त्याच्या वाईट सवयीही उचललेल्या असतात.

येथे पंचायतीच्या एका व्यवहाराकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कामासाठी तीन दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत कमी दराचे स्वीकारले जाते. ज्या दुकानदाराने हेल्परला काच दिली नाही, हातमोजे घेतले नाहीत, अर्थिंगची पट्टी पुरली नाही, त्याचा दर साहजिकच थोडा कमी येतो. अशा रीतीने सार्वजनिक पैसा निष्काळजीपणाला बक्षीस देत राहतो. दरपत्रक मागवितानाच काही अटी लिहिल्या तर सर्वांचे दर सारख्या पायावर येतील. काम करणाऱ्या प्रत्येकाला, हेल्परसह, काच, हातमोजे व बूट असावेत. यंत्राला प्लग व स्वतंत्र अर्थिंग असावे. शाळेतील काम रविवारी किंवा दीर्घ सुट्टीत व्हावे. भर वस्तीत काम असल्यास दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडोसे उभे करावेत. काम सुरू होण्याच्या दिवशी ग्रामसेवकाने किंवा मुख्याध्यापकाने जाऊन एवढ्या बाबी पाहाव्यात. त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. अट पुरी नसेल तर त्या दिवशी यंत्र सुरू करू देऊ नये, आणि तसे कामाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.